अमान्य पाहुणे

लोकांनी मेहनतीनं बनवलेलं सॉफ्टवेअर मोडून दाखवण्याचा मला पगार मिळतो. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत मी टेस्टिंगला आहे. जिथे वय विचारलं असेल तिथे मी 'मंगळवार' लिहितो, जिथे नाव विचारलं असेल तिथे नुसती टिंबं देतो, जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाकतो आणि काय होतं ते बघत बसतो. सॉफ्टवेअर कोसळलं की ते बनवणाऱ्याला मी अतिशय नम्र ईमेल लिहितो. त्या ईमेलचं सुख ज्यानं लिहिली त्यालाच कळेल. आमच्या धंद्याचं पहिलं सूत्र असं की समोरचा माणूस काय भरेल याचा नेम नाही, म्हणून त्यानं भरलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही. हे सूत्र मी आजवर दुसऱ्यांना शिकवलं. भाचीच्या लग्नात ते स्वतः वापरायला गेलो आणि नवरदेवाच्या वडिलांनाच लग्नाला यायची बंदी घालून बसलो.

भाची म्हणजे वेदिका, माझ्या मोठ्या बहिणीची, सुमतीताईची मुलगी. भाऊजी गेल्यापासून मामा आणि बाप या दोन्ही खात्यांचा कारभार माझ्याकडे आहे, निदान मी तसं समजतो. मुलगा वेदिकाच्याच ऑफिसातला, आयुष. त्याचं घर कळमेश्वरच्या पलीकडे एका खेड्यात, वडील ताराचंदजी शेती करणारे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कारकुनी. शेतीशी आमचा संबंध कळमन्याच्या बाजारातून संत्र्याची पेटी आणण्यापुरता. तरी दोन्ही घरांचं पहिल्या भेटीतच जमलं होतं. ताराचंदजींची बायको जयवंताबाई आणि आमची सुमतीताई तर वांग्याच्या भाजीवरून अर्धा तास बोलत होत्या.

सुमतीताईनं लग्नाबद्दल एकच अट घातली. जेवण पंगतीचं हवं. "उन्मेष, हातात ताटली घेऊन लोकांना रांगेत उभं करायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या मांडवातून कोणी उपाशी जायला नको आणि कोणी नाराज जायला नको. बाकी तुम्हाला जे सुचेल ते करा."

पंगत म्हटली की आचाऱ्याला पानांचा आकडा लागतो. आमचे आचारी विक्रमभाऊ हे तोंडी आकडा घेत नाहीत. मंगल कार्यालयाचे मॅनेजर त्याहून पुढचे. त्यांना पाहुण्यांची संख्या हमीपत्रावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी हवी होती. संख्या वाढली तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांनी मला अशा आवाजात विचारला की मी क्षणभर लग्नच रद्द करावं या विचारात पडलो. मुग्धा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की एका दुपारी फोन करून विचारून टाकू. पण घरात सॉफ्टवेअरचा माणूस असताना फोन करत बसायचं हे माझ्या मनाला पटेना. पत्रिका व्हॉट्सअॅपवर जाणारच होती. तिच्याखाली एक लिंक द्यायची, लिंकवर छोटासा फॉर्म, पाहुण्यांनी नाव आणि येणाऱ्यांची संख्या भरायची, बेरीज आपोआप विक्रमभाऊंच्या फोनवर. दोन रकान्यांचं काम होतं.

पण दोन रकान्यांवर आमच्या घरात कुठलंच काम थांबत नाही. दत्तोपंतकाका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण कार्यालय काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "नातं कळल्याशिवाय माणूस ओळखू कसा येईल? 'संबंध' असा एक रकाना घाल." घातला. खालच्या मजल्यावरच्या शोभाताई म्हणाल्या, "मधुमेहाचाही ठेवा हो, म्हणजे जिलबी वाचेल." तोही ठेवला. फॉर्म चालू करून मी शांतपणे झोपायला गेलो.

सकाळी उठून बघतो तर बेरीज शून्य. फॉर्म तर ढिगानं आले होते, पण पाहुणे एकही नाही. कारण असं की आमच्या तमाम नातेवाइकांनी आकडे मराठीत लिहिले होते आणि माझ्या सॉफ्टवेअरला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. मराठी माणसानं मराठी माणसांसाठी बनवलेल्या फॉर्मला मराठी चार कळत नव्हता. ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी किती छान ईमेल लिहिली असती. ती मी गुपचूप दुरुस्त केली आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

मग खरे पाहुणे दिसू लागले. शोभाताईंनी संख्येच्या रकान्यात 'दीड' लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, नातू अर्धंच जेवतो, उगाच पूर्ण पान कशाला मोजता. यवतमाळच्या आत्यांनी 'सीमांतपूजनाला ६, लग्नाला ४, कारण जावयांना रजा नाही' असा खुलासा पाठवला. एकानं 'बघू' लिहिलं. एकानं 'देवाची इच्छा'. 'संबंध' या रकान्यात तर एका चुलत मेहुण्यानं 'सध्या बरे' असं भरलं होतं आणि मधुमेहाच्या रकान्यात काकूच्या बहिणीनं डॉक्टरांचं नाव, फोन आणि भेटीची वेळ दिली होती. मी प्रत्येक तऱ्हेसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक एक सोय करत गेलो. 'दीड'चे दोन केले, 'बघू'चे तीन धरले, कारण आमच्याकडे बघू म्हणणारे लोक हमखास येतात आणि कोणाला तरी सोबत घेऊन येतात.

तेवढ्यात विक्रमभाऊंचा फोन आला. "साहेब, तुमचा मेसेज आला. मी भंडारे केलेले आहेत, पण एवढी पानं आपल्या देशात नाहीत."

आमच्या एका मावसभावानं येणाऱ्यांच्या संख्येत आपला मोबाईल नंबर लिहिला होता. सॉफ्टवेअरनं तो इमानेइतबारे बेरजेत धरला आणि विक्रमभाऊंना नऊशे कोटींच्या वर पाहुणे कळवले. विक्रमभाऊंनी मेसेज सगळ्या आचारीमंडळींना दाखवला असणार, कारण पुढचे काही दिवस मला अनोळखी नंबरांवरून साखरेचे भाव येत होते.

इथे माझा व्यावसायिक अभिमान दुखावला. मी म्हटलं, पुरे झाली दया. आता सॉफ्टवेअर सुरक्षित करायचं. एका फॉर्मवर जास्तीत जास्त पाच जण. संख्येच्या रकान्यात अक्षर दिसलं की नकार. तीनदा चुकीचं भरलं की तो नंबर बंद, म्हणजे खोडसाळ माणसाचा बंदोबस्त. नकाराचा मजकूर लिहायला मी दत्तोपंतकाकांना बसवलं, कारण माणसाला नाही म्हणण्याची त्यांची भाषा आयुष्यभर घोटलेली होती. त्यांनी दोन वाक्यं दिली. पहिलं, 'आपण नमूद केलेले पाहुणे अमान्य आहेत.' दुसरं, तिसऱ्या चुकीनंतरचं, 'वारंवार चुकीची माहिती सादर केल्याने आपणांस प्रतिबंध करण्यात येत आहे.' मुग्धानं वाचून विचारलं, "हे लग्नाचं आहे की तडीपारीचं?" तुला सॉफ्टवेअरमधलं कळत नाही, असं मी तिला म्हणालो. हे वाक्य मी तेव्हा बोललो नसतो तर पुढे बरंच काही वाचलं असतं.

दोनच दिवसांत सुमतीताई माझ्याकडे आली. ऊन असं की कुत्रीसुद्धा नाल्यात बसलेली, आणि ही रिक्षानं आली. कूलरसमोर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "जयवंताबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, 'तुमच्या फारमात पाच बसते नं, तं पाचच जणं येतो बाई. नवरदेव धरून.'"

मी धावत जाऊन कॉम्प्युटर उघडला. सगळं तिथे होतं. ताराचंदजींनी संख्येच्या रकान्यात आधी 'चूलबंद' लिहिलं होतं. चूलबंद म्हणजे घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही, लहानथोर सगळे जेवायला तुमच्याकडे. आवतण देणाऱ्यानं मनापासून दिलं असं धरून घेणाऱ्यानं दिलेला तो कबुलीजबाब. माझ्या सॉफ्टवेअरनं त्यांना पाहुणे अमान्य असल्याचं कळवलं. भल्या माणसानं मग 'अख्खं गाव' लिहिलं. अमान्य. शेवटी त्यांनी मन मोठं करून आकड्यात लिहिलं, २००. पाचाच्या वर, म्हणून अमान्य, आणि तिसरी चूक म्हणून थेट प्रतिबंध. लाल अक्षरात. सोबत एक भोंगा वाजतो, तो मी हौसेनं टाकला होता.

"नवरदेवासकट पाच माणसांची वरात आणू म्हणतात," सुमतीताई म्हणाली. "पोरगी उद्या त्या गावात नांदायला जाणार आहे, उन्मेष. लोक तिला काय म्हणतील? हिच्या माहेरी माणसं मोजून घेतात म्हणून." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मला खरोखर लाज वाटली, आणि ती लाज कूलरसमोर बसूनही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी, मुग्धा आणि दत्तोपंतकाका अक्षता घेऊन त्या गावाला गेलो. काकांना न्यायचं नव्हतं, पण ते आधीच गाडीत जाऊन बसले होते.

ताराचंदजींनी ओसरीत बाज टाकली, पाणी दिलं, पन्हं दिलं, यंदाच्या आंब्याचं बोलले, कपाशीचं बोलले. फॉर्मचा विषय नाही. आजूबाजूची पाच-सहा मंडळी येऊन भिंतीला टेकून बसली. मग ताराचंदजींनी अगदी सहज विचारलं, "आमाले तं प्रतिबंध हाये न जी तुमच्याकडं. मंग तुमी काहून आले एवढ्या उन्हात?"

मी सुरक्षेचा मुद्दा समजावायला घेतला. म्हटलं, "ते तुमच्यासाठी नव्हतं हो. उलटसुलट माहिती भरणाऱ्या बदमाश लोकांसाठी असतं."

"हौ," ताराचंदजी म्हणाले. "मंग मले कोणत्यात धरलं?"

नोकरीच्या मुलाखतींत मला अवघड प्रश्न पुष्कळ आले, पण तिथे निदान पंखा असतो. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरला चूलबंद हा शब्द माहीत नव्हता."

"त्याले नसन माहीत," आतून जयवंताबाई म्हणाल्या. "तुमाले तं होता न, भाऊ?"

काकांना वाटलं आता ज्येष्ठांनी मध्ये पडावं. त्यांनी घसा साफ करून सांगितलं की सदर प्रतिबंध तात्पुरत्या स्वरूपाचा असून लेखी विनंती केल्यास तो उठवता येतो. भिंतीला टेकलेल्या एका गृहस्थांनी बाजूच्याला विचारलं, "हे नवरीचे कोण व्हय गा? वकील?" मुग्धानं काकांच्या हातात पन्ह्याचा दुसरा पेला दिला आणि मला कोपरानं ढोसलं.

मी उठलो. लॅपटॉप पिशवीतच राहू दिला. ताराचंदजींच्या हातावर अक्षता ठेवल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "ताराचंदजी, वेदिकाच्या लग्नाला तुम्हाला चूलबंद आवतण आहे. गावालाही आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी वरची मर्यादा न घालता कोणाला काही सांगत होतो.

ताराचंदजींनी अक्षता कपाळाला लावल्या. मग पायात चपला घालत म्हणाले, "गावाले आवतण असं वट्यावर बसून देत नाही गा. घरोघरी जाऊन द्या लागते. चाल, मी दाखवतो घरं."

ही समेटाची खूण होती, पण तिची किंमत मला घरागणिक कळत गेली. आवतण द्यायला आलेला माणूस उंबऱ्यावरून कोरडा जाऊ द्यायचा नाही अशी तिथली रीत. प्रत्येक घरात चहा. चहा नको म्हटलं तर ताक, ताक नको म्हटलं तर शेवया. काकांनी पहिल्या गल्लीतच मान टाकली आणि एका ओसरीत आडवे झाले. मी शेवटपर्यंत चूलबंद, चूलबंद म्हणत फिरलो. सॉफ्टवेअरला वेडंवाकडं खायला घालून त्याचं काय होतं ते बघणाऱ्या माणसावर गावानं तोच प्रयोग केला आणि मी संध्याकाळी कोसळलो. पण निघताना जयवंताबाई मुग्धाला कुंकू लावून म्हणाल्या, "बाईले सांगा, सारे येतो म्हणा." त्या वाक्यासाठी मी आणखी एक गल्ली फिरलो असतो.

परत आल्यावर मी सगळी बंधनं काढून टाकली. ज्याला जे लिहायचं ते लिहू दे. मुग्धा ते वाचायची आणि त्या माणसाला ओळखून आकडा सांगायची. 'देवाची इच्छा' म्हणजे चार. 'सध्या बरे' संबंधवाला एकटाच येईल, पण लवकर येईल. गावाचा आकडा तिनं घरोघरी दारात दिसलेल्या चपलांवरून आणि गल्ल्यांवरून काढला. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटत होती, पण बोलण्याइतकी माझी पत उरली नव्हती. शेवटचा आकडा विक्रमभाऊंना लेखी गेला, हमीपत्रावर माझी सही झाली, साक्षीदार शोभाताई आणि काका.

लग्नाच्या दिवशी वरात आली ती बघायला कार्यालयाचे मॅनेजर गेटवर आले आणि बघून परत आत गेले. ट्रॅक्टर, जीपगाड्या, एक आख्खी बस. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे. सुमतीताई दारात ओवाळायला उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला माझा सगळा चहा वसूल झाल्यासारखं वाटलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या. मी प्रत्येक पंगतीला मनात पानं मोजत होतो आणि मुग्धाचा आकडा तंतोतंत जुळत होता. भात पुरला, वरण पुरलं, जिलबी मधुमेहवाल्यांनीसुद्धा दोनदा घेतली. शेवटचा पाहुणा ढेकर देऊन उठला तेव्हा मी विक्रमभाऊंना मिठी मारली. ते म्हणाले, "साहेब, आपला हिशेब म्हणजे हिशेब. पातेली चाटून पुसून साफ." त्यांची माणसं भांडी टेम्पोत चढवायलाही लागली होती.

मग दत्तोपंतकाका काठी टेकत आले आणि पाटावर बसले. मागोमाग काकू. आत्या, त्यांचे रजा मिळालेले जावई, माझी चुलत भावंडं, वाढून वाढून घामाघूम झालेले सगळे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेली सुमतीताईही येऊन बसली. "चला, आता घरचे आटपून घेऊ," ती म्हणाली.

विक्रमभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. "काका," मी म्हणालो, "तुम्ही फॉर्म भरला होता?"

काका ताठ झाले. "मी? मी काय पाहुणा आहे?"

काकू म्हणाल्या, घरच्या लग्नाचा कसला फॉर्म. आत्यांनी सांगितलं, घरी उतरायचं ठरल्यावर आपण काय पाहुणे राहिलो का, म्हणून त्यांनी भरलेला फॉर्म मागाहून रद्द केला होता. भावंडांना तर मी त्यांना विचारतोय याचाच राग आला. आणि मी स्वतः तरी कुठे भरला होता. मुग्धानं आलेला प्रत्येक फॉर्म बरोबर वाचला होता, पण न आलेला फॉर्म कोण वाचणार. सगळ्या तऱ्हेची माहिती सांभाळणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये नवरीच्या आईचं पान नव्हतं.

"आमचं गूळ-पाण्यावर भागेल," सुमतीताई म्हणाली. "कोणी उपाशी गेलं नाही ना, मग झालं." हसून म्हणाली, पण पाटावरून उठताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

जयवंताबाई नेमक्या तेव्हाच निरोपाचं बोलायला आल्या होत्या. त्यांनी रिकामी पानं बघितली, पुसलेली पातेली बघितली. कोणी काही सांगायची वाट बघितली नाही. टेम्पोकडे जाऊन म्हणाल्या, "उतरव गा ते कढई." मग आपल्या बायकांना हाक मारली. "चाला वं. विहीणबाई उपाशी हाये." मॅनेजर नियम सांगायला पुढे आले, तर ताराचंदजींनी त्यांनाच शेगडीला हवा घालायला बसवलं. कणीक उरली होती, बेसन होतं, कांदे होते. नवरदेवाकडच्या बायका, भरजरी लुगड्यांचे पदर खोचून, भर लग्नात नवरीकडच्यांसाठी स्वयंपाकाला बसल्या. मुलाच्या आईनं मुलीच्या आईला बसवून वाढायचं हे आमच्या घराण्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. दत्तोपंतकाका हे कोणत्या नियमात बसतं ते आठवत होते, पण बेसनाचा वास आला आणि त्यांनी तो विषय सोडून दिला.

सुमतीताई सारखी उठायला बघत होती. "अहो, तुम्ही वरपक्ष, तुम्ही कशाला, लोक काय म्हणतील."

"बसा वं बाई चुपचाप," जयवंताबाई म्हणाल्या आणि तिच्या पानावर तव्यावरची पोळी टाकली.

इतक्या वर्षांत ताईला कोणी असं बसवून गरम वाढलेलं मला आठवत नाही. ती मान खाली घालून जेवत होती, आणि मला वाटतं रडतही होती, कारण ती बराच वेळ मान वर करेना. वेदिका हिरव्या चुड्याच्या हातानं तिला पाणी ओतून देत होती. जयवंताबाई पुन्हा पोळी घेऊन आल्या तेव्हा ताईनं पानावर हात आडवा धरला. "आता पुरे," ती म्हणाली. "फार तर अर्धी द्या."

"अर्धी आमच्याकडं वाढत नाही," जयवंताबाई म्हणाल्या, तिचा हात बाजूला केला आणि अख्खी वाढली.